लेकींच्या वाट्याचे शिंगाडे

दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आटोपली की दुसऱ्या दिवशी कोसा, म्हणजे रानरेशमाचे कोष, शिजवायचा, हा बकाराम कोष्ट्याच्या घरचा शिरस्ता. रात्रभर दंडारीचं नाचगाणं पाहून पाहुण्यारावळ्यांचे डोळे तारवटलेले असले तरी सकाळी मागच्या परसात चूल पेटायचीच. आणि चूल पेटायच्या आधी घरातल्या झाडून साऱ्या लेकींच्या हातात टोपली द्यायची. जा बायांनो, तलावावर जा, शिंगाडे घेऊन या. लेकी गेल्या की परसाचं दार लावायचं, मग हंडी चढवायची. कारण या घरी कोसा शिजवायला सुनेलाच शिकवत, लेकीला नाही. लेक परक्याची, ती जाताना घरचा हात, घरचं कसब, घेऊन जाते, असं त्यांचं म्हणणं. बकारामच्या आजाची बहीण म्हणे तसा घेऊन गेली होती, आणि मग कितीतरी वर्षं गोंदियाचे व्यापारी तिच्याच सासरच्या अंगणात उतरत राहिले. तेव्हापासून लेकींच्या वाट्याला शिंगाडे.

त्या सकाळीही बकारामच्या बायकोनं, शामकलाबाईनं, खुंटीवरची टोपली काढली आणि धुरपतापुढं धरली.

धुरपता म्हणजे बकारामची एकुलती एक लेक. सासरची पहिली मंडई यायच्या आतच जावई तापात गेला तेव्हा परत आलेली, आणि दीड वर्षापासून नागपूरला मास्तरणींच्या शाळेत शिकायला राहिलेली. दिवाळीच्या सुट्टीत छोट्या लाइनीच्या गाडीनं सौंदडला उतरून बैलबंडीनं घरी आली होती. तिनं टोपलीकडं पाहिलं आणि हात मागं घेतले.

"यंदा मी जात नाई, माय."

रुख्मा चुलीत काड्या सारत होती. ती तशीच थांबली. या घरात सून होऊन आल्यापासून तिनं कोणाला टोपली नाकारताना पाहिलं नव्हतं.

"काऊन? पाय दुखून राहिले का?" शामकलाबाई म्हणाली.

"पाय नाई दुखत. कोसा शिजवनं पाह्याचं आहे मले. मी इथंच बसतो."

ओसरीवर पानाला चुना लावत बसलेल्या सुशीलाबाईचा हात तिथंच थबकला. ही बकारामची थोरली बहीण. मंडईला आली की पंधरवडा हलायची नाही, आणि घरात काय शिजतं, काय उकळतं, साऱ्यात तिचं नाक.

"ऐकलं का वैनी? दोन बुकं शिकली तं पोट्टीले घरची रीत समजेना झाली. म्हनूनच म्हनतो, तिरोड्याचा तो बिजवर पाह्यला आहे ना मी, लावून टाका पाट. चांगला सोन्यासारखा मानूस."

"सोन्यासारखा आहे तं तुमीच ठेवा आत्या," धुरपता म्हणाली. रुख्माला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं.

पण धुरपता हसत नव्हती. ती परसातल्या जात्यापाशी बसली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. सकाळी ती बाकावर बसून धडे घेते, पोरांना कसं शिकवावं ते शिकते. दुपारी तीच मास्तरीण होते. शाळेला जोडून लहान मुलींची शाळा आहे, तिथला हस्तकलेचा वर्ग मोठ्या बाईंनी तिच्या गळ्यात घातला. कोष्ट्याची लेक आहे, कोशाचं सूत काढता येत असेल, म्हणून. सूत काढता येतंच तिला. कोसा निवडता येतो, टोक धरता येतं, ताणा करता येतो. पण ते सारं कोसा शिजल्यानंतरचं. शिजवायची वेळ आली की ती आयुष्यभर तलावावर असायची!

"पहिल्या खेपेला चुलीतली राख टाकली. सागाच्या लाकडाची. कोसे कारेठिक्कर झाले आन सूत तुटून तुटून आलं. मंग दगडी कोळशाची टाकली. मंग धोब्याचा सोडा. सोड्यानं तं असे गळले का हातात लगदाच आला. पोरी माह्या तोंडाकडं पाहून राहिल्या होत्या, माय. बाई, आता काय कराचं म्हने. मी काय सांगू?"

"सांगाचं, आमच्या घरी लेकीले शिकवत नाई म्हनून," सुशीलाबाई म्हणाली.

"संक्रांतीनंतर परीक्षेचे साहेब येनार. त्यांच्यापुढं मले वर्ग घ्याचा आहे. कोशापासून सुतापर्यंत सारा धडा. सूत निघालं तं सर्टिफिकीट, नाई तं नाई. आन बाबांनी काय कबूल केलं हे तुमाले सगळ्याइले माहीत आहे."

माहीत होतं. बहिणीच्या रेट्यापुढं बकारामनं मान तुकवली होती: पास झाली तर मास्तरकी, नापास झाली तर तिरोड्याचा बिजवर. त्या बिजवराला रुख्मानं मंडईत पाहिलं होतं. धुरपताच्या बापाच्या वयाचा, आणि हसला की सारं तोंड तंबाखूनं काळं.

बोलणं ऐकून बकाराम मागावरून उठून परसाच्या दारात आला. त्याच्यामागं सुकराम, रुख्माचा नवरा. बकारामनं एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा बहिणीकडं.

"हे बायांचं काम आहे," तो म्हणाला. "मी कायले चुलीत हात घालू? तुमी ठरवा."

घ्या! घरावर वेळ आली की पुरुष मागाच्या खड्ड्यात जाऊन बसणार, हे काय नवीन होतं? सुकराम मात्र तिथंच उभा राहिला.

"धुरपता, तू बहीन आहेस माही, पन इचार कर. तुह्या वर्गात कोन पोरी आहेत? तेल्याच्या, ढिवराच्या, बामनाच्या. उद्या घरोघरी कोसा शिजला तं आपलं लुगडं कोन घेनार? आधीच तिकडं लढाई लागून राहिली, सुताचा ठिकाना नाई."

"दादा, चोरखमाऱ्याकडच्या रानात येनाच्या झाडावर किडे पोसून कोसा राखते कोन? ढिवरच नं? पाखरं हाकलून हाकलून त्याइचे गळे बसतात. त्याइनं राखाचा, आन त्याइच्या पोरीइले शिजवू द्याचा नाई?"

"पाह्य, पाह्य, कशी बोलून राहिली!" सुशीलाबाई उठूनच आली. "आन मी आनखी काय ऐकलं सांगू? हे मास्तरीन म्हने वर्गात मांडी उघडी टाकून सूत वळते. साऱ्या शाळेपुढं!"

"पालथ्या मडक्यावर वळतो मी, आत्या. मांडीवर नाई. मडकं उघडं असलं तं चालते का तुमाले?"

या वेळी सुकरामही हसला. पण शामकलाबाई हसली नाही. टोपली अजून तिच्या हातात होती, आणि ती लेकीकडं पाहतही नव्हती.

"रुख्मे, तू सांग," सुशीलाबाईनं एकदम तिच्याकडं मोर्चा वळवला. "तू सून आहेस. हात तुहा आहे. देऊ देशील का तू?"

सगळ्यांच्या नजरा रुख्मावर आल्या. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "मोठ्याइची रीत मी कायले मोडू?"

धुरपतानं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही, तेच रुख्माला जास्त लागलं. मग ती उठली आणि परसाच्या कुडाबाहेर बोरीखाली जाऊन उभी राहिली. टोपली मात्र नेली नाही.

रुख्मा खोटं बोलली नव्हती, पण खरंही बोलली नव्हती. तिला आपला हात द्यायचाच नव्हता. या घरी ती आली तेव्हा तिला भात मोकळा करता येत नव्हता, सासूच्या बोलण्याला उत्तर देता येत नव्हतं, आणि नणंद म्हणजे सासऱ्याच्या डोळ्यातली बाहुली. तिच्या पहिल्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी शामकलाबाईनं तिला बाहेरून पुढच्या दारानं घरात घेतलं, तिची ओटी कोशांनी भरली, आणि म्हणाली, "हात दिला." त्याच वेळी धुरपता टोपली घेऊन तलावाकडं चालली होती. त्या दिवशी रुख्माला पहिल्यांदा वाटलं की या घरात आपलंही काही आहे. जे हिच्याकडं नाही ते माझ्याकडं आहे. दागिना म्हणा, जमीन म्हणा, तेवढंच तिचं होतं. ते ती कशी देणार?

ती काड्या सारत राहिली. चूल पेटली होती, धूर डोळ्यात जात होता.

"मले कोनी दिला होता का?" मागं सुशीलाबाई बोलतच होती. आता तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी नाई का या घरची लेक? सासरी गेलो तं सासू म्हने, त्या घरची आहेस, शिजवून दाखव. मी शिजवला. हंडीभर कोसा करपला. सासूनं ते करपलेले कोसे माह्या पदरात बांधून सारा मोहल्ला फिरवलं मले. म्हातारी झालो, पन अजून तिथल्या बाया मले कारी हंडी म्हनतात. मी सोसलं. हिनं बी सोसावं. हिले काऊन वेगळं?"

म्हातारीनं सुपारी दाढेखाली घेतली आणि भिंतीकडं तोंड केलं.

रुख्माच्या हातातली काडी चुलीत अर्धी जळून गेली. तिला आपलं माहेर आठवलं. तिच्या माहेरीही कोसाच शिजायचा. तिथं तिला टोपली नाही, पाण्याचा गुंड द्यायचे. जा, नाल्यावरून पाणी आण, आणि लवकर येऊ नको. मागच्या सालीच माहेरी गेली तर भावजयीनं तिला पाहून दार लोटून घेतलं. सख्ख्या आईच्या घराचं दार! तेव्हा किती रडली होती ती, बंडीत बसून, पार सडकेपर्यंत. आणि आता हीच रुख्मा दार लावून घ्यायला बसली होती. म्हणजे इथं सून आणि तिथं लेक, एकच बाई. अवो, हे आपल्याला आजवर कसं दिसलं नाही?

तिनं हातातली काडी टाकली आणि उठली.

"मामीजी," ती सासूला म्हणाली, "हात सुनेलेच द्याचा नं?"

"हाव."

"मंग धुरपताले सून करा."

सुकराम म्हणाला, "खुळी झाली का तू?"

"तुमी चूप राहा जी," रुख्मा म्हणाली. नवऱ्याला चारचौघांत चूप म्हणायची तिची ही पहिलीच वेळ होती, आणि तिचं तिलाच धाडस वाटलं. "ते सासरहून परत आली. तिकडचं कोनी तिले विचारत नाई. मंग ते कोनत्या घरची? इथंच राहाते, इथंच खाते, उद्या पगार झाला तं इथंच धाडीन. हे लेकीचं लक्षन आहे का सुनेचं? पुढच्या दारानं आना तिले घरात, जसं मले आनलं."

"आन सुनेले माहेर लागते," सुशीलाबाई म्हणाली. "तिचं माहेर कोन?"

"मी."

शामकलाबाईनं इतक्या वेळानं मान वर केली. तिचे डोळे भरलेले होते.

"तुमाले काय वाटते," ती म्हणाली, आणि ते नणंदेला होतं की नवऱ्याला, कळत नव्हतं, "दर साली पोटच्या पोरीच्या हाती टोपली देताना मले बरं वाटत होतं? लहान होती तं दारापाशी उभी राहून रडे, माय मी बी, माय मी बी. मी दार लावलं. सासूनं सांगितलं तसं लावलं. परक्याची पोर आनली, तिले पोटाशी धरून शिकवलं, आन माहीच बाहेर." तिनं टोपली खाली ठेवली. "जा रुख्मे. आन तिले."

रुख्मा धावतच गेली. बोरीखाली धुरपताचा हात धरला तर ती म्हणते, "वैनी, सोडा, मी शिंगाडे आनतो, भांडन नोको." रुख्मानं ऐकलंच नाही. तिला घराला वळसा घालून पुढच्या अंगणात नेलं, उंबऱ्याबाहेर उभं केलं. आतून शामकलाबाई आली, सुपात कोसे घेऊन.

"विधवेची ओटी भरतेस, वैनी?" मागून सुशीलाबाई म्हणाली. तिला थांबवायचं होतं की विचारायचं होतं, तिलाही ठाऊक नसावं.

"तांदूळ नाई घालत, कोसा घालतो," शामकलाबाई म्हणाली. "कोशाले सवाशीन-विधवा समजत नाई."

तिनं लेकीला उंबऱ्याच्या आत घेतलं. धुरपताच्या डोक्यावर पदर ओढला. सासरी ओढतात तसा, कपाळाखाली. मग बजावलं, "सून झालीस तं ध्यानात ठेव. सुनेनं सुनेलेच हात द्याचा. दुसऱ्या कोनाले नाई. कबूल?"

धुरपता पदराआडून म्हणाली, "कबूल. माह्या वर्गातल्या साऱ्या पोरी उद्या कोनाच्या ना कोनाच्या सुनाच होनार नं, माय."

खड्ड्यातल्या मागाची खटखट थांबली आणि बकारामचं हसू ऐकू आलं. तो इतका वेळ कान लावूनच बसला होता. शामकलाबाईनं हसू आवरायचा प्रयत्न केला, पण तिला रडूच आलं. तशीच रडत तिनं ओंजळी-ओंजळीनं कोसे लेकीच्या पदरात ओतले. नवरा गेल्यापासून धुरपताच्या ओटीत कोणी दाणाही घातला नव्हता. तिनं दोन्ही हातांनी पदर आवळून धरला आणि खाली बसली. बराच वेळ ती उठलीच नाही.

"हात दिला," शामकलाबाई म्हणाली.

मग परसात काम सुरू झालं. रुख्मानं आढ्याला टांगलेला तुंबा काढला आणि धुरपताला हुंगायला दिला.

"आघाडा. भादव्यात उपटाचा, वाळवाचा, आन दुसरं काई न मिसळता जाळाचा. ही त्याची राख."

"आघाडाच काऊन?"

"आघाडाच म्हनून."

"नाई वैनी, काऊन? पोरी विचारतीन नं. आमाले शिकवतात, आधी काऊन सांगाचं, मंग कसं."

"बाप्पा! मले कोनी काऊन सांगितलं नाई, तं मी तुले कुठून सांगू? तू शोध आन मले सांग," रुख्मा म्हणाली आणि तिला मजा वाटली. "आता पाह्य. तू राख हंडीत टाकत होतीस नं? तिथंच चुकलीस. राखेची कचकच सुताले कापते. राख मडक्यात भिजवाची, रातभर ठेवाची, आन वरचं निथळ पानी तेवढं घ्याचं. हे मी काल भिजवलं."

धुरपतानं कपाळावर हात मारला. "एवढंच?"

"एवढंच नाई. आच." रुख्मानं तिचं मनगट धरून हात वाफेजवळ नेला. "उकळी फुटू द्याची नाई. अशी वाफ असली का बस. पेटली तं लाकूड ओढ."

हंडी चढली. दोघी जणी चुलीपुढं बसल्या. रुख्मा एक कोसा काढून दाबायची, धुरपताला दाबायला लावायची; कच्चा, अजून कच्चा, आता थोडा. मग एक कोसा असा दबला की शिजलेलं शीत दबावं. धुरपतानं त्याचं टोक शोधलं, दुसऱ्या-तिसऱ्याची टोकं त्यात मिळवली, पालथं मडकं पुढं ओढलं आणि हाताखाली सूत वळायला लागली. सूत निघत होतं. मधाच्या रंगाचं, न तुटता. ती श्वास घ्यायला घाबरत होती. रुख्मा पुन्हा पुन्हा म्हणत होती, ओढ, ओढ, भेव नोको.

"साहेब आला तं आता येऊ दे," धुरपता म्हणाली आणि बाहीनं डोळे पुसले.

ओसरीवर पाठ करून बसलेली सुशीलाबाई केव्हा वळली, कोणाला कळलं नाही. ती मडक्यावरच्या सुताकडं पाहत होती. मग भिंतीला हात लावून उठली, हळूहळू परसात आली आणि भावजयीपुढं उभी राहिली. शामकलाबाईनं वर पाहिलं.

"काय झालं, वन्सं?"

"जलमभर शिंगाडेच खाल्ले वो मी या घरी," म्हातारी म्हणाली. "आता दात बी नाई राह्यले."

आणि तिनं पदर पसरला.

सुपात थोडे कोसे उरले होते. शामकलाबाईनं सूप उचललं आणि रुख्मानं खालून हात लावला. दोघींनी मिळून ते म्हातारीच्या पदरात ओतले. धुरपता सरकली आणि चुलीपुढं आत्याला जागा करून दिली.

"दुसरी हंडी आत्या चढवतीन," ती म्हणाली. "आच मी पाह्यतो."

एवढ्यात दारात बकाराम आणि सुकराम येऊन उभे. सकाळपासून घरात कोणी त्यांना चहा-पाणी विचारलं नव्हतं.

"झालं का तुमचं?" बकाराम म्हणाला. "भुका लागल्या. आन आज शिंगाडे कोन आननार?"

शामकलाबाई उठली. भुईवरची टोपली तिनं उचलली, झटकली, आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"तुमी दोघं जा," ती म्हणाली. "आन लवकर येऊ नोका."

तिनं परसाचं दार आतून लावून घेतलं. बापलेक थोडा वेळ बंद दाराकडं पाहत उभे राहिले. मग सुकरामनं बापाच्या हातातली टोपली घेतली आणि दोघं तलावाच्या वाटेला लागले.